कागद कुणाच्या घरी राहिले? : कृष्णवर्णीय समलिंगी कलावंतांच्या चार पिढ्या

फिलाडेल्फियात १९७३ मध्ये एक पुस्तकांचं दुकान सुरू झालं. नाव ‘जिओव्हानीज रूम’. जेम्स बाल्डविनची याच नावाची कादंबरी १९५६ ची, त्यावरून ते ठेवलेलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जोसेफ बीम नावाचा तरुण तिथे कामाला होता. दुकानाची पाटी एका कृष्णवर्णीय समलिंगी लेखकाच्या पुस्तकाची. आत फळ्यांवर मात्र बहुतेक सगळं गोऱ्या पुरुषांनी लिहिलेलं. बीमला आपल्यासारख्यांचं लेखन तिथे जवळजवळ सापडेना. वैतागून त्यानं स्वतःच ते जमवायला घेतलं, आणि १९८६ मध्ये ‘इन द लाइफ’ हा कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांच्या लेखनाचा पहिला संग्रह निघाला.

पाटी होती, तरी फळी रिकामी होती. असं का व्हावं? त्याआधीच्या साठ वर्षांत या लोकांनी लिहिलं नव्हतं, रंगवलं नव्हतं, नाचलं-गायलं नव्हतं असं मुळीच नाही. तरीही १९८६ चा माणूस ‘पहिलं’ म्हणून पुस्तक काढतो, आणि पुढे २०१६ मध्ये ‘मूनलाइट’ हा चित्रपट आला तेव्हाही ‘पहिलं’ हे विशेषण पुन्हा बाहेर काढलं गेलं. दर पिढीला आरंभ नव्यानं करावा लागतो, याचं कारण काय, यावर गेली तीस-चाळीस वर्षं अभ्यासक आणि कलावंत वाद घालत आहेत. या लेखात त्या वादाचा हिशोब मांडायचा आहे. बहुतेक सामग्री अमेरिकेतली आहे, थोडी ब्रिटन आणि आफ्रिकेतली. पुरुषांवर भर आहे. स्त्रियांची परंपरा वेगळी आणि तितकीच मोठी आहे, तिचा उल्लेख जिथे हिशोब त्यांच्याशिवाय पुरा होत नाही तिथे येईल.

हार्लेम : सगळ्यांना ठाऊक, कुणीही न बोललेलं

दक्षिणेतल्या शेतमळ्यांतून आणि गावांतून लाखो कृष्णवर्णीय माणसं उत्तरेकडच्या शहरांत आली. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९२० च्या दशकात त्यातूनच साहित्य, संगीत आणि चित्रकलेचा जो बहर आला, त्याच्या मध्यभागी समलिंगी माणसं होती हे आता कुणी नाकारत नाही. ‘द न्यू निग्रो’ (१९२५) या संग्रहाचा संपादक आणि हॉवर्ड विद्यापीठातला तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक ॲलन लॉक, कवी काउंटी कलन, शिल्पकार रिचमंड बार्थे ही काही नावं. त्यांच्या वर्तुळात हे ठाऊक होतं, छापील मजकुरात नव्हतं.

अपवाद रिचर्ड ब्रूस न्युजंटचा. १९२६ च्या नोव्हेंबरात वॉलेस थर्मनच्या संपादनाखाली ‘फायर!!’ नावाचं मासिक निघालं. किंमत एक डॉलर, त्या काळी चांगलीच जड. पोलिसांनी जप्त करावं असं काहीतरी अंकात हवं, म्हणून एकानं वेश्याव्यवसायावर आणि दुसऱ्यानं समलिंगी आकर्षणावर लिहायचं ठरलं आणि त्यासाठी नाणं उडवलं, असं न्युजंट पुढे सांगत असे. त्याच्या वाट्याला दुसरा विषय आला. ‘स्मोक, लिलीज अँड जेड’ या त्याच्या कथेत पूर्णविराम जवळजवळ नाहीतच; वाक्यं टिंबांच्या ओळींनी एकमेकांत वाहत जातात, आणि नायकाला एक पुरुष आणि एक स्त्री दोघांबद्दलही ओढ वाटते. खाली सही फक्त ‘रिचर्ड ब्रूस’ अशी. घराण्याचं नाव त्यानं आईवडिलांसाठी वगळलं. मासिकाचा तो एकच अंक निघाला, आणि उरलेल्या प्रती एका आगीत जळाल्या.

कलनची गोष्ट दुसऱ्या टोकाची. एप्रिल १९२८ मध्ये डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांच्या मुलीशी, योलांदशी, त्याचं हार्लेमभर गाजलेलं लग्न झालं. थोड्याच आठवड्यांत तो मित्र हॅरल्ड जॅकमनबरोबर युरोपला निघाला, आणि १९३० मध्ये घटस्फोट झाला. याच दुबॉइस यांनी आपल्या मासिकाचा व्यवस्थापक ऑगस्टस डिल याला, समलिंगी संबंधांवरून अटक झाल्यावर, कामावरून काढलं होतं. त्याचा पश्चात्ताप त्यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवला आहे.

इथला मोठा वाद कवी लँग्स्टन ह्यूजवरून आहे. त्याचे दोन खंडांतले चरित्रकार अर्नॉल्ड रॅम्पर्सॅड यांच्या मते तो समलिंगी होता असं म्हणण्याइतका पुरावा मिळत नाही. कदाचित त्याला शरीरसंबंधांत फारसा रसच नसावा. समोरच्या बाजूचं म्हणणं असं, की नोकरी, आश्रयदाते आणि अब्रू सगळंच पणाला लागलेलं असताना कुणी पुरावा मागे ठेवलाच नसता. लग्न केलेल्या माणसाकडून त्याच्या आवडीनिवडीचा पुरावा कुणी मागत नाही, मग इथेच का मागायचा? ब्रिटिश दिग्दर्शक आयझॅक ज्युलियननं १९८९ मध्ये ‘लुकिंग फॉर लँग्स्टन’ केला, तो हे दुसरं म्हणणं गृहीत धरून. ह्यूजच्या वारसदारांनी हरकत घेतली. न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात ह्यूजच्या कविता येतात तिथे आवाज खाली करावा लागला. प्रेक्षकांनी पडद्यावर चित्र पाहिलं आणि कविता मात्र त्यांना ऐकू आली नाही.

मला स्वतःला ह्यूजला एका गटात बसवायची घाई अनाठायी वाटते. न्युजंटबद्दल असा प्रश्नच नाही. तो १९८७ पर्यंत जगला, मुलाखती देत राहिला, बीमच्या संग्रहात त्याच्यावर लेख आहे. ज्यानं उघड लिहिलं त्याचं पुस्तक २००२ पर्यंत थांबलं आणि ज्यानं लिहिलं नाही त्याच्यावर ग्रंथ झाले, हे मला जास्त बोलकं वाटतं.

गटारातलं पाणी

१९४० च्या सुमारास सोळा वर्षांचा जेम्स बाल्डविन मॅनहॅटनच्या ग्रीन स्ट्रीटवर १८१ क्रमांकाच्या दारात उभा राहिला. आत बोफर्ड डेलानी हा चित्रकार राहत असे. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलचा, बाल्डविनपेक्षा तेवीस वर्षांनी मोठा. कृष्णवर्णीय माणूस कलावंत म्हणून जगू शकतो याचा आपण पाहिलेला पहिला जिवंत पुरावा डेलानी, असं बाल्डविन मानत असे. एकदा दोघं रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे असताना डेलानीनं त्याला गटाराकडे बघायला सांगितलं. बाल्डविनला पाणी दिसलं. ‘पुन्हा बघ’ म्हटल्यावर त्याला पाण्यावरचा तेलाचा तवंग दिसला आणि त्या तवंगात हलणाऱ्या इमारती. बघायचं कसं हे आपण तिथे शिकलो, असं त्यानं म्हातारपणीच्या मुलाखतीत सांगितलं आहे.

या सगळ्या इतिहासात एका पिढीनं दुसरीच्या हाती काही दिल्याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही. ते घडलं एका भाड्याच्या खोलीत. कुठल्या कलाशाळेचा किंवा संस्थेचा त्याच्याशी संबंध नव्हता. डेलानी स्वतः समलिंगी असण्याबद्दल फारसं बोलत नसे. गोऱ्या बोहेमियन मित्रांचं एक जग, हार्लेममधल्या मित्रांचं दुसरं, आणि दोन्हींमध्ये जाड भिंत. १९५३ मध्ये तो पॅरिसला गेला. शेवटची वर्षं मानसिक आजारात गेली, १९७९ मध्ये तिथल्याच सेंट-ॲन रुग्णालयात वारला आणि तिए दफनभूमीत नावाच्या दगडाशिवाय पुरला गेला. दगड बसवला २०१०मध्ये, त्याच्या चाहत्यांनी वर्गणी काढून.

बाल्डविनच्या ‘जिओव्हानीज रूम’मधली सगळी पात्रं गोरी आहेत. नॉफ या प्रकाशकानं ती नाकारली, डायल प्रेसनं काढली. वर्ण आणि समलिंगी प्रेम ही दोन ओझी एका पुस्तकात तेव्हा आपल्याला पेलली नसती, असं त्याचं स्पष्टीकरण. काही समीक्षक याला माघार म्हणतात. काहींच्या मते गोऱ्या माणसाच्या स्वतःपासूनच्या पळपुटेपणावर लिहिणं हीच वर्णावर लिहिण्याची त्याची रीत होती. ‘अनदर कंट्री’ (१९६२) मध्ये दोन्ही ओझी एकत्र आली, ‘जस्ट अबव्ह माय हेड’ (१९७९) मध्ये तर समलिंगी गॉस्पेल गायक कथेच्या मध्यभागी आला. म्हातारपणीही समलिंगी चळवळीचं नाव स्वतःला लावून घ्यायला मात्र तो कचरत असे. तिचा चेहरा त्याला गोरा वाटे.

चळवळीच्या आत

कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठीचा १९६३ चा वॉशिंग्टन मोर्चा उभा केला बेयर्ड रस्टिननं. त्याच्या समलिंगी असण्याचा गाजावाजा सिनेटर स्ट्रॉम थर्मंडनं सिनेटमध्ये केला, तरी मोर्चाचे ज्येष्ठ नेते ए. फिलिप रँडॉल्फ त्याच्या पाठीशी राहिले. त्याच मोर्चात बाल्डविनला भाषणाची संधी मिळाली नाही. पाच वर्षांनी ब्लॅक पँथर पक्षाचा एल्ड्रिज क्लीव्हर ‘सोल ऑन आइस’मध्ये बाल्डविनवर तुटून पडला: समलिंगी असणं म्हणजे स्वतःच्या वंशाचा द्वेष, असा त्याचा सूर. पुढे ऑगस्ट १९७० मध्ये त्याच पक्षाच्या ह्युई न्यूटननं समलिंगी चळवळीला साथ देण्याचं जाहीर आवाहन केलं. एकाच पक्षात दोन्ही गोष्टी दोन वर्षांच्या अंतरानं घडल्या, हे विसरून ‘चळवळ समलिंगीद्वेष्टी होती’ किंवा ‘चळवळ उदार होती’ असा एका वाक्याचा निकाल देता येत नाही.

महाराष्ट्राचा धागा इथे येतो. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन, आणि कृष्णवर्णीय साहित्याविषयीची मराठीतली उत्सुकता त्या काळात वाढली. जनार्दन वाघमारे यांचं अमेरिकन निग्रो साहित्यावरचं पुस्तक त्याच दशकातलं. मराठी वाचकाला बाल्डविन भेटला तो वर्णद्वेषाविरुद्ध लढणारा लेखक म्हणून. ‘जिओव्हानीज रूम’ लिहिणारा बाल्डविन आपल्याकडे बराच मागे राहिला.

१९८६ ते १९९५ : बहर आणि अंत्यविधी

बीमला वाट दाखवली ती स्त्रियांनी. ऑड्रे लॉर्ड आणि बार्बरा स्मिथ यांनी १९८० मध्ये ‘किचन टेबल’ हे कृष्णवर्णीय आणि अन्य वर्णांच्या स्त्रियांचं प्रकाशन सुरू केलं होतं. त्याआधी स्मिथ आणि सहकाऱ्यांचा काँबाही रिव्हर गटाचा जाहीरनामा (१९७७) आला होता, ज्यात वर्ण, वर्ग, लिंग आणि लैंगिकता एकमेकांपासून सोडवता येत नाहीत अशी मांडणी होती. आपण या स्त्रियांच्या लेखनावर पोसलो, हे बीमनं प्रस्तावनेत मान्य केलं आहे.

त्याच्या संग्रहामागोमाग झपाट्यानं बरंच काही आलं. न्यूयॉर्कमध्ये ‘अदर कंट्रीज’ हा लेखकांचा गट जमला. नाव पुन्हा बाल्डविनकडूनच. वॉशिंग्टनमध्ये कवी एसेक्स हेम्फिल आधीपासूनच रंगमंचावर कविता सादर करत होता. चित्रपटकार मार्लन रिग्जनं १९८९ मध्ये ‘टंग्ज अनटाइड’ केला, त्यात हेम्फिलचा आवाज आणि कविता आहेत. त्या चित्रपटाला सरकारी कला-निधीतून मिळालेले पैसे होते अवघे ५,००० डॉलर. १९९१ मध्ये तो सार्वजनिक वाहिनीवर दाखवायचं ठरलं तेव्हा देशभरातल्या अनेक केंद्रांनी तो वगळला. १९९२ च्या निवडणुकीत पॅट ब्युकॅनननं त्यातली दृश्यं अध्यक्ष बुश यांच्याविरुद्धच्या जाहिरातीत वापरली: बघा, तुमचा कर कुठे जातो.

एड्सनं ही सगळी पिढी गिळली. बीम डिसेंबर १९८८ मध्ये गेला, चौतिसाव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी. छायाचित्रकार रोटिमी फानी-कायोदे पुढच्या वर्षी चौतिसाव्या वर्षी, कवी-कादंबरीकार मेल्विन डिक्सन १९९२ मध्ये बेचाळिसाव्या. हैतीत जन्मलेला कवी असोटो सेंट, रिग्ज आणि हेम्फिल तिघंही १९५७ साली जन्मलेले. पहिले दोघं १९९४ मध्ये गेले, हेम्फिल ४ नोव्हेंबर १९९५ ला. एड्सच्या उपचाराला कलाटणी देणाऱ्या नव्या औषधगटातलं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं ते त्याच वर्षीच्या डिसेंबरात.

बीम गेला तेव्हा दुसरा संग्रह अर्धवट होता. हेम्फिल फिलाडेल्फियाला बीमच्या आईवडिलांच्या घरी राहायला गेला आणि डोरोथी बीम या त्याच्या आईच्या मदतीनं ‘ब्रदर टू ब्रदर’ त्यानं पुरा केला. १९९१ मध्ये तो निघाला. मुलाचे कागद आईनं हार्लेममधल्या शॉम्बर्ग केंद्राकडे सोपवले. आज अभ्यासक बीमवर लिहू शकतात ते या घरामुळे.

दुसरं टोक १९९२ चं. कवी डोनल्ड वुड्सच्या अंत्यविधीत त्याच्या समलिंगी असण्याचा किंवा एड्सचा उल्लेख होणार नाही असं दिसल्यावर असोटो सेंट उठून उभा राहिला आणि ते मोठ्यानं सांगितलं. नातेवाइकांच्या दुःखात त्यानं ढवळाढवळ केली, असं काहींना वाटलं. मित्रांचं म्हणणं होतं, की वुड्सनं आयुष्यभर लिहिलं ते त्याच दिवशी पुसलं जात होतं. दोन्ही बाजूंना मृताचं नाव सांभाळायचं होतं. कुठलं नाव, याबद्दल एकमत नव्हतं. त्याच वर्षी लेखकांच्या एका परिषदेत डिक्सननं श्रोत्यांना विनंती केली, की आमची नावं तुम्ही घेत राहा. काही महिन्यांत तो गेला.

नर्तक-नृत्यदिग्दर्शक ॲल्विन एलीनं तर स्वतःच पडदा ओढून घेतला. ‘रेव्हलेशन्स’ (१९६०) मध्ये चर्चची गाणी जगभर नेणारा एली १९८९ मध्ये वारला तेव्हा मृत्यूचं कारण रक्ताचा आजार असं जाहीर झालं; आईला कळू नये म्हणून त्यानं डॉक्टरांना तसं सांगून ठेवलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोचा डिस्को गायक सिल्व्हेस्टर एक वर्ष आधी गेला. त्यानं आजार लपवला नाही, आणि आपल्या गाण्यांची पुढची मिळकत एड्सग्रस्तांसाठीच्या संस्थांना लिहून दिली. दोघंही चर्चमध्ये वाढलेले, बाल्डविनही. चर्चमध्ये गाणं शिकायचं आणि त्याच व्यासपीठावरून आपल्याविरुद्धचं प्रवचन ऐकायचं, हा अनुभव सगळ्या पिढ्यांत सामाईक आहे. रॉक-अँड-रोल गायक लिटल रिचर्ड तर आयुष्यभर त्या दोन टोकांमध्ये ये-जा करत राहिला.

या दशकाकडे कसं बघायचं यावर आज दोन भूमिका आहेत. एक म्हणते, इथे साखळी तुटली. विशीतल्या कलावंताला पन्नाशीतला गुरू मिळायचा तो मिळालाच नाही. डॅरियस बॉस्टसारखे अभ्यासक (‘एव्हिडन्स ऑफ बीइंग’, २०१८) दुसरी बाजू मांडतात: हा काळ निव्वळ मृत्यूंचा म्हणून वाचला तर त्यातला बहर दिसेनासा होतो; या माणसांनी मरता मरता मासिकं, गट, चित्रपट आणि वाचक उभे केले. मला दुसरी मांडणी जास्त पटते, पण तिच्यासमोर एक अडचण आहे. २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं अंदाज दिला, की तेव्हाचा दर कायम राहिला तर दर दोन कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी एचआयव्हीचं निदान होईल. साथ संपली असं म्हणण्याची सोय या लोकांना नाही.

जिवंत राहिलेल्यांचंही सोपं नव्हतं. नृत्यदिग्दर्शक बिल टी. जोन्सचा गोरा जोडीदार आणि सहकारी आर्नी झेन १९८८ मध्ये गेला. जोन्सनं गंभीर आजारी माणसांच्या कार्यशाळा घेऊन ‘स्टिल/हिअर’ (१९९४) हा नृत्यप्रयोग केला. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाच्या आर्लिन क्रोची या समीक्षकबाईंनी तो न पाहताच लिहिलं: खरोखर मरणारी माणसं समोर आणली की समीक्षेला जागाच उरत नाही, म्हणून मी जाणार नाही. न पाहता लिहिणं हा उद्धटपणा, असं म्हणून हा मुद्दा बाजूला सारणं सोपं आहे. पण त्यांचा प्रश्न, दुःखाच्या साक्षीला कला म्हणून तपासायचं की नाही, अजून कुणी निकालात काढलेला नाही. २०२४ मध्ये ब्रुकलिनमध्ये तो प्रयोग तीस वर्षांनी पुन्हा झाला.

बघणारा कोण?

रॉबर्ट मॅपलथॉर्पनं १९८६ मध्ये ‘द ब्लॅक बुक’ हे कृष्णवर्णीय पुरुषांच्या, बहुतेक विवस्त्र, छायाचित्रांचं पुस्तक काढलं. तो समलिंगी होता, पण गोरा. समीक्षक कोबेना मर्सर यांनी आधी त्यावर झोड उठवली: ही गोऱ्याची वासना, यात माणसाची वस्तू होते. दोन-तीन वर्षांत त्यांनीच फेरविचार केला: समलिंगी प्रेक्षक म्हणून मला ही चित्रं आकर्षक वाटतात, मग मी फक्त चित्रातल्या माणसाच्या जागी कसा उभा राहू? चित्रकार ग्लेन लायगननं यावर एक कलाकृतीच केली (१९९१-९३). पुस्तकाची पानं सुटी करून ९१ छायाचित्रं चौकटीत लावली, आणि मधल्या दोन रांगांत ७८ छापील मजकूर: समीक्षकांचे, धर्मोपदेशकांचे, बारमध्ये भेटलेल्या माणसांचे, काही रागाचे, काही कौतुकाचे. लायगन निकाल देत नाही. बघणाऱ्याला वाचत वाचत सरकावं लागतं आणि मग आपण कुठल्या मजकुरापाशी थांबलो ते त्याचं त्याला कळतं.

जेनी लिव्हिंगस्टनच्या ‘पॅरिस इज बर्निंग’बद्दलही हाच वाद झाला. न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांच्या ‘बॉल’ स्पर्धांवरचा तो माहितीपट. बेल हुक्स यांनी गोऱ्या दिग्दर्शिकेच्या नजरेवर आक्षेप घेतला, तर इतरांनी म्हटलं, की तो नसता तर त्या माणसांचे चेहरेच राहिले नसते. मोबदल्यावरून पुढे भांडणंही झाली.

ब्रिटन, आफ्रिका

फानी-कायोदेचं कुटुंब नायजेरियातल्या यादवीच्या काळात ब्रिटनला आलं. योरुबा धर्मपरंपरेशी नातं असलेल्या घराण्यातला हा मुलगा लंडनमध्ये योरुबा मुखवटे आणि पुरुषदेह एकत्र आणणारी छायाचित्रं काढू लागला. लैंगिकता, देश आणि घरच्यांना हवा होता तसा संसारी माणूस न होणं, अशा तिन्ही बाबतींत आपण बाहेरचे, असं तो लिहितो. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑटोग्राफ’ या कृष्णवर्णीय छायाचित्रकारांच्या संस्थेचा तो पहिला अध्यक्ष. संस्थापकांत दिल्लीत जन्मलेला समलिंगी छायाचित्रकार सुनील गुप्ताही होता. त्या काळच्या ब्रिटनमध्ये आशियाई वंशाची माणसंही राजकीय अर्थानं स्वतःला ‘ब्लॅक’ म्हणवत. ही व्यापक ओळख पुढे विरली; तिच्यामुळे आफ्रिकी अनुभव पुसट झाला की दोघांनाही बळ मिळालं, यावर तिथे अजून मतभेद आहेत.

आफ्रिकेत चित्र एकसारखं नाही. केनियाचा लेखक बिन्यावांगा वाइनाइना यानं जानेवारी २०१४ मध्ये, नायजेरियानं समलिंगी विवाहाविरुद्ध कडक कायदा केला त्याच महिन्यात, आईला उद्देशून लिहिलेल्या लेखात आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. आई तेव्हा हयात नव्हती. दक्षिण आफ्रिकेच्या संविधानात लैंगिक कलावरून भेदभावाला मनाई आहे, तरी झानेले मुहोलींची छायाचित्रं असलेल्या प्रदर्शनातून मंत्रीबाई उठून गेल्या होत्या. युगांडाचा २०२३ चा कायदा काही प्रकारांना मृत्युदंडापर्यंत जातो.

पुरस्कारांची पिढी

गेल्या दहा-बारा वर्षांतली यादी मोठी आहे. टॅरल ॲल्विन मॅक्रेनीच्या लेखनावरून ‘मूनलाइट’ झाला आणि त्यानं २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेतलं. २०२० मध्ये कवितेचं पुलित्झर जेरिको ब्राउनला आणि नाटकाचं मायकल आर. जॅक्सनच्या ‘अ स्ट्रेंज लूप’ला मिळालं, एकाच वर्षी. रॅपर लिल नॅस एक्सनं जून २०१९ मध्ये, त्याचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर असताना, आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. ते गाणं एकूण १९ आठवडे तिथेच राहिलं. त्याच्या चौसष्ट वर्षं आधी लिटल रिचर्डच्या ‘टुटी फ्रुटी’चे मूळ शब्द रेकॉर्डिंगआधी बदलून घ्यावे लागले होते.

याकडे पोचलो म्हणून बघणारे आहेत, आणि बाजाराला एक ठरावीक साचा हवा असतो म्हणून साशंक राहणारेही. ‘अ स्ट्रेंज लूप’चा नायक स्वतः कृष्णवर्णीय समलिंगी नाटककार आहे, आईला त्यानं लोकप्रिय गॉस्पेल नाटकं लिहावीत असं वाटतं आणि गोऱ्या नाट्यविश्वाला वेगळंच काही हवं असतं. म्हणजे साशंक बाजूची तक्रार पुरस्कार मिळालेल्या नाटकातच आहे. तिसरी एक भूमिका चित्रकारांमध्ये अधिक आढळते: आमच्या नावाआधी एकही विशेषण नको. ती पळवाट आहे असं मी म्हणणार नाही. डेलानीनं पिवळ्या रंगाचे अमूर्त कॅनव्हास रंगवले ते कुठल्या ओळखीच्या प्रचारासाठी नव्हेत, आणि आजच्या प्रदर्शनांत त्यांना फक्त बाल्डविनच्या गुरूची चित्रं म्हणून टांगलं जातं तेव्हा त्यांचं नुकसानच होतं.

पिढ्यांमधली कुरबुरही आहे. वडील पिढी म्हणते, पोरांना हेम्फिल ठाऊक नाही. पोरांची बाजू अशी, की ‘सेरिमनीज’ (१९९२) हे त्याचं पुस्तक कित्येक वर्षं बाजारात मिळत नव्हतं. निवडक कविता नव्यानं निघाल्या त्या २०२५ मध्ये. वाचणार कुठून?

उघडं राहिलेलं

यात मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हक्कांचा आणि कागदांचा आहे. लॉकच्या अस्थी हॉवर्ड विद्यापीठात दशकानुदशकं पडून होत्या, २०१४ मध्ये पुरल्या गेल्या. त्याचे कागद मात्र त्याच विद्यापीठात नीट राहिले, आणि जेफ्री स्टुअर्ट यांनी २०१८ मध्ये त्यावरून लिहिलेल्या चरित्राला पुलित्झर मिळालं. ह्यूजच्या वारसदारांनी आवाज बंद केला. शॉम्बर्गनं २०१७ मध्ये बाल्डविनचे कागद घेतले, पण भाऊ डेव्हिड, डेलानी आणि प्रेमिक लुसियन हापर्सबर्गर यांच्यासह काही जवळच्यांशी झालेला पत्रव्यवहार वारसदारांच्या अटीनुसार वीस वर्षं बंद आहे. निकोलस बॉग्ज यांचं २०२५ चं चरित्र बाल्डविनच्या प्रेमसंबंधांभोवतीच रचलेलं आहे. ते आणि पुढची काही चरित्रं २०३७ पर्यंत या अडसरासह वाचावी लागतील.

वारसदारांची बाजू अगदीच पोकळ नाही. मेलेल्या माणसानं जे छापलं नाही ते जगासमोर आणायचा हक्क चरित्रकाराला आपोआप मिळत नाही, आणि पत्रात नाव आलेली इतर माणसं हयात असू शकतात. दुसऱ्या बाजूला, सोबत राहिलेल्या जोडीदाराला १९८०-९० च्या दशकांत कायद्यानं काहीच स्थान नव्हतं. घर, कॅमेरे, निगेटिव्ह सगळं जन्मघरी जायचं. २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला अमेरिकाभर मान्यता मिळाल्यानंतर हे बदललं, पण ज्यांनी लग्न केलं त्यांच्यापुरतं. लग्न न केलेल्या, मृत्युपत्र न लिहिलेल्या कलावंताचे कागद आजही आधी नातेवाइकांकडे जातात. त्यात डोरोथी बीमसारखी घरंही असतात.